चौदा नंबरचा चिमटा

बाईंनी मला खोली दाखवली त्या दिवशी भाडं, पाण्याची वेळ, गॅस यांतलं काहीच आधी काढलं नाही. दारातच थांबवून त्या माझ्या चष्म्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मान जरा खाली घे. काचांत ट्यूब दिसतेय, तू दिसत नाहीस."

मी मान खाली घेतली. "हां, आता ये आत," म्हणाल्या.

कर्वेनगरमधल्या एका सोसायटीत तळमजल्यावर त्यांचं घर होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यातली मागची खोली त्यांनी मला दिली. मी परांड्याच्या शाळेतून आणि बार्शीच्या कॉलेजातून आलेली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. पुण्यात ओळखीचं कोणी नव्हतं. मी त्यांना काकू म्हणायला लागले तर त्यांनी ते तिथंच थांबवलं. आपण कोणाच्या काकाची बायको नाही, म्हणाल्या. शाळेत शिकवणाऱ्यांना काय म्हणायचीस, असं विचारलं. मी म्हटलं, बाई. "मग तेच म्हण. मी काही शिकवणार नाही, पण तुझी सवय मोडायला नको."

शिकवणार नाही, हे मात्र त्यांनी पाळलं नाही. बाई आज नाहीत. मला जे काही नीट बघता येतं ते त्यांच्यामुळे, म्हणून हे लिहायला बसले आहे.

त्यांचे वडील खडकीला कामगार होते. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी मुलींची नावं शाळेत घातली, एवढंच बाई वडिलांबद्दल सांगत. त्यांच्या घरातली पहिली मॅट्रिक त्या. मी पहिली पदवीधर हे ऐकल्यावर त्यांनी कौतुक केलं नाही. "म्हणजे अडलं की घरात विचारायला कोणी नाही," म्हणाल्या. "मग विचारत जा मला."

बाईंची सारी नोकरी एका सरकारी वस्तुसंग्रहालयात फोटो काढण्यात गेली होती. नाणी, अंगठ्या, ताम्रपट, तलवारींच्या मुठी. निवृत्त झाल्यावर तेच काम त्यांनी घरी सुरू केलं. लक्ष्मी रोडवरचे एक सोनार, एक घड्याळवाले, नळाच्या तोट्या बनवणारे एक कारखानदार असे लोक डबीत, रुमालात, खोक्यात वस्तू घेऊन यायचे. वस्तू लहान आणि चकचकीत हवी, एवढीच अट. फ्रीजचा फोटो कोणीही काढेल, नथीचा काढून दाखवा, असं त्या म्हणत.

चकाकीशी त्यांचं वैर आहे असं सोसायटीत सगळे समजत. घर बघून तसंच वाटलं असतं. पुढच्या खोलीत आरसा नव्हता. स्टीलची भांडी बंद कपाटात असत आणि त्या कपाटाच्या मुठींना काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. खिडकीला बटर पेपर. फोटो काढायच्या दिवशी बाई ठरलेली राखाडी साडी नेसत आणि बांगड्या काढून ठेवत. मी एकदा लाल ओढणी घेऊन त्या खोलीतून नुसती आरपार गेले. बाईंनी कॅमेऱ्यावरून डोकं न उचलता सांगितलं की चमच्याच्या कडेला लाल रेघ आली आहे, आणि ती रेघ घेऊन मी आता ऑफिसला निघाले तर बरं होईल.

त्याच सुमारास सोसायटीत गाड्या यायला लागल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या सॉफ्टवेअरवाल्या मुलाने नवी कोरी गाडी घेतली आणि बाईंच्या खिडकीसमोर लावली. तिच्या काचेवरून उन्हाचा कवडसा थेट बाईंच्या छतावर. बाईंनी भांडण केलं नाही की पाटी लावली नाही. रोज दहाला त्या एक जुनी चादर घेऊन जात, गाडीच्या काचेवर पसरत आणि एक वाजता घडी घालून परत आणत. आजी मायेने आपली गाडी जपतायत असं समजून तो दिवाळीत मिठाईचा पुडा घेऊन आला. बाईंनी पुडा घेतला. मग त्याला सांगितलं की चादर त्याने स्वतः टाकली तर त्यांची रोजची दहा मिनिटं वाचतील.

वैर नव्हतं ते. मला कळायला वेळ लागला. सोनार सांगायचे की दुसरे फोटोवाले दागिन्याला खडूची पूड चोळतात, चकाकी मरते, काम सोपं होतं. बाईंना हे ऐकवत नसे. वस्तूला काही फासायचं नाही हा त्यांचा पहिला नियम. "चकाकी तिची आहे. आपण आपला उजेड हलवायचा." त्यांचं म्हणणं असं की चकचकीत वस्तू स्वतःला दाखवतच नाही, आजूबाजूचं दाखवते. म्हणून आधी वस्तूच्या जागी बसून तिला काय काय दिसतंय ते बघायचं. खिडकी दिसतेय का, पंखा दिसतोय का, आपलं नाक दिसतंय का. मग ते एकेक झाकत जायचं.

झाकायला त्यांच्याकडे काहीही महागडं नव्हतं. केटररकडून मागून आणलेला आइस्क्रीमचा मोठा पांढरा डबा होता. तो उलटा घालायचा. वर आलेल्या बुडाला कॅमेऱ्यापुरतं भोक पाडलेलं. डब्याखाली ठेवलेल्या वस्तूला चहूकडे पांढरंच दिसे आणि उजेड डब्याच्या भिंतीतून गाळून आत येई. पण सगळंच पांढरं झालं की वस्तूची कड हरवते. म्हणून फोटोच्या कागदाच्या पाकिटातला काळा कागद बोटभर कापून त्या डब्याच्या आत एका बाजूला उभा करत. त्या एका काळ्या पट्टीने वस्तूला आकार यायचा. ट्यूब नाही, फ्लॅश नाही. सकाळी दहा ते एक, उत्तरेच्या खिडकीतून येईल तेवढाच उजेड.

माझी नोकरी हडपसरला होती. डोळ्यांच्या ऑपरेशनची बारीक हत्यारं बनवणारी छोटी कंपनी. कात्र्या, चिमटे, सुया धरायची साधनं. साहेब स्वतः तरुणपणी लेथवर उभे राहिलेले आणि पुढे त्यांनी स्वतःचं शेड टाकलं. मनाने वाईट नव्हते. ऑफिसात कॉम्प्युटर येणारी मी एकटी. सहा महिने काम बघू, मग कायमचं पत्र देऊ, असं बोलणं झालं होतं.

इथं मी एक चूक करून बसले होते. तिसऱ्याच महिन्यात घरी फोनवर सांगून टाकलं की मी कायम झाले. वडील बाजार समितीत हमाली करत. त्यांनी बरोबरच्या हमालांना पेढे वाटले आणि शाळेत जाऊन हेडमास्तरांनाही सांगून आले. हेडमास्तरांनी म्हणे प्रार्थनेच्या वेळी माझं नाव घेतलं. ते खोटं मला खरं करायचं होतं.

कंपनीची वेबसाइट करायचं काम माझ्याकडे आलं. अठरा हत्यारांचे अठरा फोटो हवे होते. स्टुडिओवाल्याने फ्लॅश मारून काढलेल्या फोटोंत हत्यारांच्या जागी अठरा विजा चमकल्या होत्या. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचं ईमेल आलं की हत्यार कुठे आहे ते कळत नाही. साहेब माझ्यावर चिडले. मी भीतभीतच बाईंचं नाव सांगितलं. घरात काढतात, आइस्क्रीमच्या डब्याखाली, हे ऐकून त्यांनी स्टुडिओचे फोटो पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाले, ठीक आहे, शुक्रवारी अठरा फोटो टेबलावर ठेवा. त्याच दिवशी तुमचं पत्र टाइप करा, मी सही करतो.

नमुन्यांचं खोकं मांडीवर धरून मी दोन बस बदलून घरी आले. खोकं नजरेआड करायचं नाही म्हणून साहेबांनी मला तीन दिवस सकाळी घरीच थांबायची परवानगी दिली होती.

दुसऱ्या दिवशी चौदा नंबर आला. बोटभर लांबीचा, टाके घालताना सुई धरायचा चिमटा. बाईंनी डबा घातला, पट्टी उभी केली, भोकातून बघितलं, आणि बघतच राहिल्या. मग मला म्हणाल्या, केस पडलाय का बघ.

मी बघितलं. दोन पाती जोडणाऱ्या सांध्यापासून एक काळी रेघ निघाली होती. केसासारखीच. मी रबरी फुग्याने फुंकर मारली. रेघ गेली नाही. मलमलीने पुसलं. रेघ तिथंच. मग बाईंनी डब्यात हात घालून काळी पट्टी डावीकडून उजवीकडे नेली. चिमट्यावरचं सगळं सरकलं, उजेड सरकला, सावल्या सरकल्या. ती रेघ जागची हलली नाही.

"प्रतिबिंब असतं तर हललं असतं," बाई म्हणाल्या. "ही याची स्वतःची आहे. तडा आहे."

मी चिमटा बाहेर काढून ट्यूबखाली धरला. नुसता लखलखाट. रेघ शोधून सापडेना. कंपनीत सगळीकडे ट्यूबच होत्या.

दुपारी चिमटा घेऊन मी हडपसरला गेले. साहेबांनी तो ट्यूबखाली फिरवून फिरवून पाहिला आणि बाईंचं वय विचारलं. मी सांगितलं, साठीच्या पुढे. "मग बरोबर आहे," म्हणाले. आपण फोटोला दिलंय, तपासायला नाही, असंही म्हणाले. चौदा नंबरचे चारशे नग पॅक झाले होते आणि सोमवारी निघायचे होते. मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. साहेबांनी चिमटा रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. "तेवढ्या जागेवर थोडी चकाकी राहू द्या. फोटो आहे, एक्स-रे नाही." मी दारापर्यंत गेल्यावर त्यांनी आठवण करून दिली की शुक्रवारी फोटो आणि तुमचं पत्र, दोन्ही एकदमच होऊ द्या.

बाईंना हे कसं सांगायचं याची मी बसमध्ये तालीम करत आले. त्या चिडतील, चिमटा परत देतील, मला बाहेर काढतील, असं काय काय वाटत होतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि साडीला हात पुसले.

"चकाकी पाहिजे होय? ती टाकणं पाच मिनिटांचं काम आहे. काढायलाच दिवस जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खरंच पाच मिनिटांत केलं. डब्याची कड जरा उचलून फट ठेवली आणि आरशाच्या तुकड्याने उजेडाचा एक ठिपका बरोबर त्या सांध्यावर आणून ठेवला. रेघ गडप झाली. चिमटा सुंदर दिसत होता. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

गुरुवारी संध्याकाळी फोटो धुऊन आले. बाई जेवणाच्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसल्या आणि एकेक फोटो पालथा करून मागे लिहू लागल्या. ही त्यांची संग्रहालयातली पद्धत. वस्तूचा नंबर, उजेड कुठून, आणि शेवटी दोष. तिथं वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाताना हे बघत, कारण टवका आधीचा की नंतरचा हे लिहिलेलं नसलं तर कोणा शिपायाची नोकरी जाते. सतरा फोटोंमागे त्यांनी लिहिलं, "दोष: नाही." चौदाव्यामागे लिहिलं, "दोष: सांध्यापासून तडा. या फोटोत चकाकीखाली झाकला आहे."

मी म्हटलं, बाई, साहेबांनी तसं सांगितलं नव्हतं.

"त्यांनी सांगितला तसा फोटो पुढे आहे. मागची बाजू माझी."

"बाई, माझी नोकरी जाईल."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. परांड्याचे पेढे मी त्यांना कधी सांगितले नव्हते, ते तेव्हा सांगितले. त्यांनी मान हलवली. फोटो पाकिटात भरले आणि पाकीट माझ्यापुढे सरकवलं.

"शाईने लिहिलेलं नाही," म्हणाल्या. "पेन्सिल आहे." आणि उठून भाताचा कुकर लावायला गेल्या.

शुक्रवारी सकाळी स्वारगेटला बस बदलताना मी एक खोडरबर विकत घेतला. हडपसरच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. पाकीट उघडून चौदावा फोटो पालथा मांडीवर ठेवला आणि रबर हातात घेतला. फातिमानगर गेलं. मगरपट्ट्याकडे नव्या काचेच्या इमारती उठत होत्या, त्या आल्या आणि गेल्या. मी खोडलं नाही. हे धैर्य होतं असं मी कोणाला सांगत नाही, कारण ते नव्हतं. खोडलं तर खूण राहील, साहेब विचारतील, अशी भीती होती. आणि ते अक्षर इतकं नीट होतं की त्याच्यावर रबर ठेववेना.

ऑफिसात पोहोचल्यावर साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. फोटो बघून खूश झाले. कात्रीचं पातंन्‌पातं दिसतंय, म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली आणि स्कॅन कसं करतात ते बघायला शेजारी बसले.

स्कॅनरच्या काचेवर फोटो पालथा ठेवावा लागतो, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. एक नंबर ठेवला. मागचं अक्षर वर. साहेबांनी वाचलं आणि हसून म्हणाले, बाई शिस्तीच्या दिसतात. दोन नंबर. दोष: नाही. तीन नंबर. दोष: नाही. ते प्रत्येक वेळी मोठ्याने वाचत होते. तेराव्यानंतर मी पाणी प्यायला उठावं असं मनात आलं, पण उठले नाही. चौदावा ठेवला.

साहेबांनी तो मोठ्याने वाचला नाही.

जरा वेळाने म्हणाले, "खोडरबर आहे?"

"आहे, साहेब." मी पर्समधून काढून दिला.

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "नवा दिसतोय."

मी मान डोलावली.

"मग खोडलं का नाही?"

"भीती वाटली, साहेब. मी खोडलं तर ते मी केलेलं होईल."

साहेब रबर धरून बसले. फोटोवर टेकवला नाही आणि खालीही ठेवला नाही. स्कॅनरचं झाकण उघडंच होतं. शेडमधून पॉलिशच्या चाकाचा आवाज येत होता. मग त्यांनी हाक मारली आणि पॉलिशवाल्या चाचांना बोलावलं. कॅम्पात राहणारे, कंपनी सुरू झाल्यापासून असलेले कारागीर. साहेबांनी त्यांना चौदा नंबरचं एक खोकं फोडायला सांगितलं आणि कुठलेही दहा नग आणायला सांगितले. मला म्हणाले, तुमच्या बाई करतात तसं करा.

मी बटर पेपर शोधला, त्याची गुंडाळी करून टेबलावर उभी केली आणि काळ्या कागदाची पट्टी आत लावली. पट्टी दोनदा पडली. दहातल्या तीन नगांवर रेघ होती. पट्टी हलवली तरी न हलणारी.

चाचांनी बघितलं आणि कानाची पाळी खाजवली. "साहेब, हे पॉलिशचं नाही. पाणी देताना गेलंय. घाई झाली. नंतर मी पॉलिश मारलं, त्यात झाकून गेलं." तापलेलं पोलाद पाण्यात बुडवून कडक करतात, ते पाणी.

सोमवारचा माल थांबला. सतरा फोटो वेबसाइटवर गेले. मी पत्र टाइप करून ठेवलं होतं, त्यावर सही झाली नाही. साहेब रागावले नव्हते, पण थकलेले दिसत होते. नवा चौदा नंबर करू, म्हणाले. त्याचा फोटो आला की तुमच्या पत्राचं बघू. तेव्हाही रेघ निघाली तर हे हत्यार बंद करावं लागेल, खर्च कमी करावा लागेल, मग ऑफिसात माणूस ठेवणं मला परवडेल असं नाही. हे ते सरळपणे बोलले, म्हणून मला जास्त भीती वाटली.

घरी येऊन मी बाईंना सगळं सांगितलं. खोडरबराचंही सांगितलं. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं की तो घेतला कुठून. स्वारगेटवरून, मी म्हटलं. तिथं महाग देतात, म्हणाल्या.

नवा चिमटा यायला तीन आठवडे लागले. थंडी पडली होती. या वेळी खोक्यात तो एकटाच होता आणि मी खोकं बसमध्ये दोन्ही हातांनी धरून आणलं. सकाळी दहाला बाईंनी राखाडी साडी नेसून डबा घातला, पट्टी उभी केली आणि भोकातून न बघताच स्टुलावरून उठल्या.

"आज तू बघ."

मी बसले. डोळा लावला. सांध्यापाशी काळी रेघ होती.

मला वडील दिसले. प्रार्थनेला उभी असलेली शाळा दिसली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. रेघ होतीच.

"रेघ आहे, बाई."

"मग?"

मी डब्याची कड उचलून हात आत घातला आणि काळी पट्टी दोन बोटांत धरली. हलवायला धीर होईना. ती जागची हलली नाही तर मला संध्याकाळी हडपसरला जाऊन साहेबांना ते सांगायचं होतं, आणि त्यानंतर परांड्याला. बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी घाई केली नाही.

मी पट्टी गव्हाएवढी सरकवली. रेघ सरकली. आणखी सरकवली. रेघ सांध्यावरून निघाली, पात्यावरून घसरत टोकापर्यंत गेली आणि टोकावरून नाहीशी झाली. मागे नुसतं पांढरं, स्वच्छ पोलाद.

मी डबा उचलला, नुसत्या डोळ्यांनी बघायला चिमट्यावर वाकले आणि इतका वेळ धरून ठेवलेला श्वास तिथंच सोडला. गार पोलादावर धुकं धरलं. चिमटा दिसेनासा झाला.

"आता पूस," बाई म्हणाल्या. "आणि पुढचा श्वास खिडकीकडे तोंड करून सोड."